छोट्या गावाजवळ स्वस्त मोटेल कसं शोधायचं: अमेरिकेत रोडट्रिपला निघायच्या आधी हे वाचा

अमेरिकेत फिरायला जायचं ठरलं की सगळे आधी विमानाची तिकिटं बघतात, मग भाड्याची गाडी, आणि रात्री मुक्काम कुठे हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि मग ऐन जुलैत मोआब किंवा वेस्ट यलोस्टोनसारख्या नॅशनल पार्काच्या दारातल्या गावात साध्या मोटेलच्या, म्हणजे गाडी थेट खोलीसमोर लावायच्या हॉटेलच्या, खोलीचा भाव बघून डोळे पांढरे होतात. आमचंही पहिल्या ट्रिपला हेच झालं. आता इतक्या वर्षांत सासूसासरे, आईबाबा, मैत्रिणींची कुटुंबं असं सगळ्यांना घेऊन बऱ्याच राज्यांतून गाडी फिरवली, आणि एवढं पक्कं कळलंय की छोट्या गावात जायचं म्हणजे त्याच गावात झोपलं पाहिजे असं नाही, आणि स्वस्त खोली अॅपपेक्षा फोनवर जास्त मिळते. बाकी सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे, पण त्यातले बारकावे माहीत नसले की हात पोळतात म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी नकाशा. जे गाव पार्काच्या दारात आहे ते महागच असणार, कारण तिथे खोल्या मोजक्या आणि येणारे हजारो. म्हणून त्या गावाकडे जाणाऱ्या हायवेवर ३० ते ६० मैल मागे या आणि अलीकडचं गाव कुठलं ते बघा. मोआबला जायचंय तर आय ७० या इंटरस्टेटवरचं, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या मोठ्या हायवेवरचं, ग्रीन रिव्हर साधारण ५० मैलांवर आहे, दक्षिणेकडून येत असाल तर मॉन्टिसेलोही तेवढंच लांब. ब्राइस कॅन्यनसाठी पँग्विच, झायनसाठी स्प्रिंगडेलऐवजी हरिकेन, ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमसाठी (दक्षिणेकडचा कडा) अगदी दारातल्या टुसायनऐवजी ६० मैलांवरचं विल्यम्स, यलोस्टोनच्या उत्तर दारासाठी गार्डिनर महाग वाटलं तर वरती लिव्हिंग्स्टन. ही सगळी गावं काही दर वेळी स्वस्तच असतात असं मी म्हणत नाही, सीझनला तीही चढतात, पण दारातल्या गावाशी तुलना केली की फरक कळतो.

आता हिशोब करा, कारण लोक इथे चुकतात, दोन्ही बाजूंनी. ५० मैल जायचे आणि ५० यायचे, गाडी गॅलनला ३० मैल देत असेल तर तीन गॅलनच्या थोडं वर पेट्रोल, गॅलन साडेतीन डॉलरला धरला तरी १२ डॉलरच्या आत. खोलीत ६०-७० डॉलर वाचत असतील तर सरळ फायदा आहे. पण खोलीत २० डॉलरच वाचत असतील आणि सोबत लहान मूल किंवा सत्तरीचे आईवडील असतील तर दारातल्या गावातच रहा, दिवसाचे दोन तास गाडीत घालवण्यात काही अर्थ नाही. आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते, संध्याकाळी अंधार पडताना त्या रस्त्यांवर हरणं आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण) येतात, युटा-नेवाडात तर ओपन रेंज असते म्हणजे गाईगुरं कुंपणाशिवाय रस्त्यावर उभी असतात, काळी गाय काळोखात दिसत नाही. त्यामुळे लांबचं मोटेल घेतलंत तर सूर्यास्त बघून मग निघू हा प्लॅन सोडून द्या. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे येतानाची आणि जातानाची रात्र लांबच्या गावात, ते तसंही वाटेवरच असतं, आणि मधली एखादी रात्र पैसे देऊन जवळ.

घड्याळाचा एक घोळ आहे तोही सांगून ठेवते. अॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, शेजारच्या युटात करतात. अँटिलोप कॅन्यनची टूर अॅरिझोनातल्या पेज नावाच्या गावातून असते आणि लोक स्वस्त पडतं म्हणून सुमारे ७५ मैलांवरच्या कनॅबला राहतात, कनॅब युटात आहे. सकाळी जाताना एक तास मिळतो, संध्याकाळी परत येताना एक तास जातो. त्यात नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वतंत्र कारभाराचा प्रदेश, अॅरिझोनात असूनही घड्याळ पुढे करतं, म्हणून फोनवरच्या वेळेवर जाऊ नका, टूरवाल्याला कुठली वेळ धरलीय ते विचारा.

भाव कधी चढतो हे कळणं हाच अर्धा खेळ आहे. सुट्टीच्या गावात शुक्रवार-शनिवार महाग आणि रविवारची रात्र सगळ्यात स्वस्त, हे बहुतेकांना माहीत असतं. पण कामगारांच्या गावात उलटं असतं हे माहीत नसतं! तेलाच्या विहिरी, पाइपलाइन, पवनचक्क्या, रस्त्याचं काम, जिथे असली कामं चालू असतात तिथे सोमवार ते गुरुवार मोटेलं कामगारांनी भरलेली असतात आणि शुक्रवारी ती माणसं घरी जातात. न्यू मेक्सिकोतलं कार्ल्सबॅड हे याचं उत्तम उदाहरण, लोक गुहा बघायला म्हणून जातात आणि आडवाटेचं एवढंसं गाव इतकं महाग कसं असा प्रश्न पडतो, तर ते पर्मियन बेसिनच्या तेलाच्या पट्ट्यात आहे. अशा गावात शनिवारची रात्र बघा.

तिसरा प्रकार म्हणजे जत्रा. माउंट रशमोर बघायला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर थांबा, तेव्हा जवळच्या स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा मेळा असतो, १९३८ पासून भरतो, सात हजार वस्तीच्या गावात लाखोंनी माणसं येतात आणि रॅपिड सिटीपर्यंत सगळं भरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यू मेक्सिकोत अल्बकर्कीला बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा मेळा असतो, तेव्हा आजूबाजूची गावंही त्याच तडाख्यात सापडतात. कॉलेजच्या गावात फुटबॉलची होम मॅच आणि मे महिन्यातलं ग्रॅज्युएशन. शिकारीचा सीझन उघडतो तो वीकेंड. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणाला तर ज्या गावांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तिथल्या मोटेलांचे भाव कितीतरी पट झाले होते. म्हणून तारीख ठरवायच्या आधी गावाचं नाव आणि महिना टाकून इव्हेंट काय आहेत ते शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि ही माझी आवडती युक्ती. अमेरिकन सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना दौऱ्यावर गेल्यावर राहायला किती पैसे द्यायचे याचा तक्ता काढतं, पर डीएम म्हणतात त्याला, जीएसए या सरकारी खात्याच्या साइटवर कुणालाही बघता येतो. जिथे वेगळा दर ठरवलेला नाही तिथे २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी रात्रीचे ११० डॉलर, टॅक्स सोडून. पण मोआबसारख्या गर्दीच्या ठिकाणी वेगळा दर असतो आणि तो महिन्यानुसार बदलतो. ते पैसे आपल्याला मिळत नाहीत हे खरं, पण कुठल्या महिन्यात आकडा उडी मारतो आणि कुठल्या महिन्यात खाली येतो हे एका नजरेत कळतं, म्हणजे सीझन कधी सुरू कधी संपतो ते सरकारनेच मांडून ठेवलंय. ट्रिप एक आठवडा मागेपुढे करता येत असेल तर त्या उडीच्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवा.

आता मोटेल शोधायचं कुठे. इंटरस्टेटवर एक्झिटच्या आधी निळ्या पाट्या असतात, लॉजिंग असं लिहून खाली चार-सहा लोगो. त्या पाटीवर यायला धंदेवाल्याला पैसे भरावे लागतात, त्यामुळे तिथे बहुतेक चेनवालेच दिसतात. घरगुती जुनी मोटेलं शोधायची असतील तर बिझनेस लूप अशी हिरवी ढाल दिसते का बघा. इंटरस्टेट बांधायला १९५६ चा कायदा आला आणि पुढे नवीन रस्ते गावाच्या बाहेरून गेले, पण जुना रस्ता गावातून जायचा तो तसाच राहिला आणि त्यालाच लूप म्हणतात. जुन्या मोटेलांची रांग त्या रस्त्यावर असते. न्यू मेक्सिकोतलं टुकुमकारी बघा, रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध हायवेवरचं गाव, रूट ६६ कागदोपत्री १९८५ मध्ये बंद झाला पण तिथली मोटेलांची रांग आणि निऑनच्या पाट्या अजून आहेत. (मोटेल हा शब्दच मोटर आणि हॉटेल जोडून केलेला, १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला पहिलं मोटेल निघालं, गाडी थेट खोलीच्या दारात लावायची ही कल्पना तेव्हाची.) मी काय करते तर नकाशा उघडून त्या लूपवर बोट फिरवत जाते, एकेक मोटेल टिपून घेते, फोटो बघते, मग फोन.

चेनच्या नावावर आंधळा विश्वास नको. मोटेल ६ हे नाव १९६२ मध्ये सँटा बार्बराला ६ डॉलरला खोली मिळायची म्हणून पडलं, सुपर ८ चं पहिलं मोटेल १९७४ मध्ये साउथ डकोटात ॲबरडीनला ८ डॉलर ८८ सेंटला. आता त्या नावांचा भावाशी संबंध नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती फ्रँचायझी आहेत, म्हणजे पाटी कंपनीची पण मालक वेगळा, त्यामुळे एका गावातलं चकचकीत आणि पुढच्या गावातलं त्याच नावाचं बघवत नाही असं होतं. रिव्ह्यू वाचताना एकूण स्टार सोडा, शेवटच्या तीन-चार महिन्यांतले तेवढे वाचा. कुणी पार्किंग लहान आहे, नाश्ता साधा आहे असं लिहिलं असेल तर दुर्लक्ष करा. वास, ढेकूण, दाराची कडी, एसी बंद, डिपॉझिट परत दिलं नाही, यातलं काही दोन वेगळ्या माणसांनी लिहिलं असेल तर पुढे चला. आणि नवीन मालक आल्यावर साफ झालंय असं कुणी लिहिलं असेल तर ते मोटेल माझ्या यादीत वर जातं, कारण भाव अजून जुन्या बदनामीचा असतो आणि खोली नवी.

फोनवर या आता. अॅपवरचं बुकिंग म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, मोटेलवाल्याला त्यातून अॅपला कमिशन द्यावं लागतं आणि काही बदल करायचा झाला की मोटेल म्हणतं अॅपला विचारा आणि अॅप म्हणतं मोटेलला विचारा. अॅपवर भाव बघा जरूर, पण तो आकडा समोर ठेवून मोटेलला फोन करा. इथे एक सापळा आहे, आम्ही स्वतः त्यात सापडलोय. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातीचा नंबर येतो, मोटेलचं नाव असतं, फोन उचलणारा मोटेलचंच नाव घेतो, आणि तो कुठल्यातरी कॉल सेंटरमध्ये बसलेला असतो. आमचं बुकिंग चुकीच्या तारखेला केलं, वर फी घेतली, आणि रात्री नऊला मोटेलवर पोचलो तेव्हा काउंटरवरची बाई बिचारी म्हणाली की आमच्याकडे तुमचं नाव उद्याला आहे आणि पैसे आमच्याकडे नाहीतच. मुलगी तेव्हा चार वर्षांची, गाडीतच झोपली होती, तो प्रसंग मी विसरणार नाही. तेव्हापासून फोन लागला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, 'आर यू ॲट द फ्रंट डेस्क?', आणि शंका आली तर समोर कुठला पेट्रोल पंप आहे ते विचारते. खरा माणूस खिडकीतून बघून लगेच सांगतो.

मग सरळ विचारा, 'व्हॉट्स युअर बेस्ट रेट फॉर टू क्वीन्स, विथ टॅक्स?' टू क्वीन्स म्हणजे दोन मोठे डबल पलंग असलेली खोली. विथ टॅक्स हे दोन शब्द विसरू नका. खोलीवरचा टॅक्स राज्य, काउंटी, गाव असे तिघे मिळून लावतात आणि तो ठिकाणागणिक बदलतो. मोंटानात दुकानात सेल्स टॅक्स लागत नाही म्हणून लोक खूश असतात पण खोलीवर राज्याचा ८ टक्के आहे. टेक्ससमध्ये राज्याचा ६ आणि वर गावाचा वेगळा. रिझॉर्ट फी वगैरे सक्तीची फी मात्र आता लपवता येत नाही, मे २०२५ पासून देशभर नियम आहे की दाखवलेल्या भावात ती धरलेली पाहिजे, टॅक्स तेवढा नंतर येऊ शकतो. तरी फोनवर पूर्ण आकडा वदवून घ्या.

भाव ऐकला की ट्रिपल ए चं (तिथली गाडीवाल्यांची संघटना) कार्ड असेल तर सांगा, सोबत वयस्कर मंडळी असतील तर सीनियर रेट विचारा, काही ठिकाणी ५५ लाही चालतं. दोन-तीन रात्री राहणार असाल तर ते आधी सांगा, आठवडा असेल तर वीकली रेट हा वेगळाच प्रकार असतो आणि तो साइटवर बहुतेक लिहिलेला नसतो. अॅपवर अमुक दिसतंय, तुम्हाला थेट दिलं तर किती, असं विचारायला लाजू नका. घासाघीस म्हणजे भांडण नाही, नम्रपणे एकदा विचारायचं, नाही म्हणाले तर नाही.

इथे आपल्या लोकांबद्दल थोडं बोलते. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं-मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत, त्यात गुजराती सगळ्यात जास्त, आणि छोट्या गावात तर मालक, मालकीणबाई आणि मुलं ऑफिसच्या मागच्याच खोल्यांत राहतात. आपण भारतीय आहोत म्हणून सूट द्या असं म्हणू नका, मला ते बरोबर वाटत नाही, वर्षाचे ३६५ दिवस रात्री-अपरात्री उठून दार उघडणारी माणसं आहेत ती. आपुलकीने दोन शब्द बोला, कुठून आलात, गावात बघण्यासारखं काय, जेवण कुठे चांगलं, एवढं विचारा. आम्हाला एका काकूंनी स्वतःहून मागच्या बाजूची शांत खोली दिली आणि सकाळी आईला आल्याचा चहा पाठवला होता. आईला ग्रँड कॅन्यनपेक्षा तो चहा जास्त आठवतो.

आयत्या वेळी शोधायचं असेल तर दुपारी चार ते सहा ही वेळ. फुकट रद्द करायची मुदत बऱ्याच ठिकाणी त्या सुमाराला किंवा आदल्या दिवशी संपते, रद्द झालेल्या खोल्या परत येतात आणि रिकामी खोली राहिली तर मालकाला काहीच मिळत नाही. पण हे फक्त ऑफ सीझनला आणि जिथे पुढे आणखी गावं आहेत तिथेच करा, पार्काच्या दारात जुलैत असं कधीही करू नका. सीझनला मी उलट करते, रद्द करता येणारी खोली खूप आधी घेऊन ठेवते आणि ट्रिपच्या आदल्या आठवड्यात परत भाव बघते, उतरला असेल तर नवी घेऊन जुनी सोडते. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून कायदाच आहे की चेक-इनला ७२ तास किंवा जास्त बाकी असताना बुकिंग केलं तर पहिल्या २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. बाकी राज्यांत त्या त्या मोटेलची अट वाचा.

खोली घ्यायच्या आधी वरून घेतलेला नकाशा म्हणजे सॅटेलाइट व्ह्यू बघाच, कारण रेल्वे! स्वस्त मोटेल स्वस्त का आहे याचं उत्तर पुष्कळदा मागच्या रुळांत असतं. फाटकाच्या आधी १५ ते २० सेकंद भोंगा वाजवायचा असा तिथे केंद्राचा नियम आहे, दोन लांब एक आखूड एक लांब, ९६ ते ११० डेसिबल, आणि मालगाड्या रात्री दोनलाही येतात. काही गावांनी क्वाएट झोन करून घेतलेत, तिथे नेहमीचा भोंगा नसतो. फोनवर विचारा आणि रुळांच्या विरुद्ध बाजूची खोली मागा.

पोचल्यावर पैसे द्यायच्या आधी खोली दाखवा म्हणा, छोट्या मोटेलात आनंदाने किल्ली देतात, नाही दिली तर तेच उत्तर समजा. पार्किंगमध्ये शिड्या-हत्यारं लादलेल्या कामाच्या गाड्या असतील तर मला बरं वाटतं, महिनाभर राहणारा कामगार घाणेरड्या ठिकाणी टिकत नाही, फक्त ते पहाटे पाचला इंजिन चालू करतात. खोलीत बॅगा आधी बाथरूममध्ये फरशीवर ठेवा, पलंगावर नाही. मग उशीकडच्या बाजूने चादर उचलून गादीच्या शिवणी मोबाइलच्या टॉर्चने बघा, शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर ढेकूण, लगेच बाहेर. दुसरी खोली देतो म्हणाले तर लागून असलेली घेऊ नका. दाराची आतली कडी, खिडकीची कडी, एसी, गरम पाणी, एवढं बघितलं की झालं.

खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह बहुधा असतो, आपल्या लोकांचे त्यात बरेच पैसे वाचतात. राइस कुकर लावायचा असेल तर विचारून लावा, फोडणी मात्र नाही, धुराचा अलार्म वाजतो आणि वासासाठी सफाईचे वेगळे पैसे कार्डावर टाकतात.

चेक-इनला फोटो आयडी लागतं, आईवडिलांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, आणि पुष्कळ ठिकाणी खोली घेणाऱ्याचं वय २१ लागतं, कॉलेजची मुलं एकटी जात असतील तर आधी विचारा. क्रेडिट कार्डच द्या. डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड दिलं तर ते खरे पैसे काही दिवस खात्यातून अडकतात. उशीर होणार असेल, म्हणजे दहाच्या पुढे, तर संध्याकाळीच फोन करून सांगा, छोट्या ठिकाणी ऑफिस बंद होतं, मग ते किल्ली पाकिटात घालून दारावर ठेवतात, आणि न सांगता उशीर केला तर आला नाहीत धरून खोली दुसऱ्याला जाते आणि एका रात्रीचे पैसेही. सकाळी निघताना पावती मागून घ्या, त्यावरचा आकडा फोनवर सांगितलेला आहे का तिथेच उभं राहून बघा, आणि आठवड्याने कार्डाच्या स्टेटमेंटवर अडकवलेली रक्कम सुटली का तेही बघा, नसेल सुटली तर त्याच फ्रंट डेस्कच्या नंबरला फोन करा.